कापडी लंगोट की डायपर? आधी पाण्याचं गणित मांडा

डायपरमध्ये सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे बारीक कण असतात. ते लघवी शोषून तिची जेली करतात, म्हणून बाळ कोरडं राहतं. पण ही जेली आणि प्लास्टिक सहज कुजत नाही. खर्च? दिवसाला ६ डायपर, एक १० रुपयांचा धरला तर महिन्याला १,८०० रुपये.

लंगोट पुन्हा वापरता येतो, पण धुवायला पाणी लागतं. आमच्या दुष्काळी धाराशिव जिल्ह्यात खरी अडचण तीच. वाळवायला मात्र कडक ऊन फुकट आहे.

म्हणून माझा फॉर्म्युला: नळाला पाणी असेल तर दिवसा लंगोट, रात्री आणि प्रवासात डायपर. टँकर सुरू झाले की डायपर वाढवा, मनाला लावून घेऊ नका. फक्त वापरलेला डायपर कागदात गुंडाळून वेगळा द्या, जाळू नका.