मण्यांचे झाड

मंडळी, माझ्या ओसरीत एक झाड आहे. त्याला पाणी लागत नाही. त्याची पाने गळत नाहीत. उंची म्हणाल तर एक वीत. ते झाड मण्यांचे आहे आणि मी ते स्वतः केले आहे.

मी पहिल्यांदा मणी ओवायला बसलो, तेव्हा शेजारचे आबा हसले. म्हणाले, "गुरुजी, जन्मभर पोरांना शिकवलं, आणि आता हे बायकी काम काढलं?"

मी म्हणालो, "आबा, बसा. हे काम बायकांचं की बाप्यांचं ते मागाहून पाहू. पण हे काम आपल्या जिल्ह्यात किती जुनं आहे, ते आधी ऐका."

आबांना जे सांगितले, तेच तुम्हाला सांगतो.

घरोघरी मणी

मणी कुठे नाही? बाळाच्या मनगटात काळा मणी असतो. वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ असते. पोळ्याला बैलाच्या गळ्यात मण्यांची माळ घालतात. लग्नात रुखवत मांडतात, त्यात मण्यांची तोरणे असतात. लग्न झालेल्या बाईच्या गळ्यात काळी पोत असते. पोत म्हणजे बारीक मण्यांची सर. म्हणूनच आपल्या खानदेशात मंगळसूत्राला मंगलपोत म्हणतात.

तांड्यावरच्या बंजारा बायका कपड्यांवर मणी, कवड्या आणि आरसे शिवतात. सातपुड्यात होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो. तिथे भिल्ल आणि पावरा बायकांच्या गळ्यात रंगीत मण्यांच्या कितीतरी सरी दिसतात.

मग हे मणी आले कधी? कोणी म्हणेल, आजीच्या वेळी. कोणी म्हणेल, शिवाजी महाराजांच्या वेळी. अहो, त्याच्याही फार फार आधी!

पाटण्याचा मणी

जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुका आहे. तिथे डोंगराच्या पायथ्याशी पाटणे नावाचे गाव आहे. जवळच पाटणादेवीचे देऊळ आहे. तुमच्यापैकी कित्येक जण नवस फेडायला तिथे गेले असतील.

या पाटण्याला १९७२-७३ साली जमीन खणून पाहिली. ते काम एस. ए. साळी नावाच्या संशोधकांनी केले. जुन्या काळचे लोक कसे राहत होते, ते जमिनीखालच्या वस्तूंवरून ओळखायचे, हे त्यांचे काम. मातीच्या थरांत त्यांना दगडाची हत्यारे सापडली. त्याबरोबर बारीक मणीही सापडले. ते कशाचे होते ठाऊक आहे? शहामृगाच्या अंड्याच्या कवचीचे!

शहामृग हा सर्वांत मोठा पक्षी. त्याचे एक अंडे कोंबडीच्या वीस-पंचवीस अंड्यांएवढे असते. कवची जाड आणि कठीण असते. आज हा पक्षी आपल्याकडे रानात नाही. तो आफ्रिकेत आहे. पण एके काळी तो आपल्या देशात हिंडत होता.

त्या कवचीचे वय शास्त्रज्ञांनी काढले. ते निघाले सुमारे २५,००० वर्षे. तेव्हा शेती नव्हती. गाव नव्हते. लोखंड नव्हते. माणूस शिकार करी, कंदमुळे खाई. उद्या पोटाला मिळेल की नाही, याची खात्री नव्हती. तरी कोणीतरी खाली बसले आणि त्याने मणी केला. पाटण्याला एक कवचीचा तुकडा असाही मिळाला की त्यावर रेघा कोरून नक्षी काढली आहे.

तो कसा केला असेल?

आफ्रिकेच्या दक्षिणेकडे सान नावाचे लोक आहेत. ते असे मणी हाताने करत आले आहेत. त्यांची रीत पाहिली की पाटण्याच्या कारागिराच्या कामाचा अंदाज येतो.

आधी कवचीचे लहान तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याला टोकदार हत्याराने भोक पाडायचे. हत्यार दोन्ही हातांत धरून फिरवायचे. जोर जास्त झाला की तुकडा फुटतो. फुटला की दुसरा घ्यायचा. मग भोके पाडलेले तुकडे दोरीत घट्ट ओवायचे आणि दगडावर घासायचे. घासून घासून सगळे गोल आणि सारखे होतात.

पुढे हजारो वर्षांनी दगडाचे मणी आले. तापी आणि गोमाई नद्यांच्या संगमावर प्रकाशे गाव आहे. आता ते नंदुरबार जिल्ह्यात येते. तिथे १९५४-५५ साली खोदकाम झाले. त्यात अकीक दगडाचे मणी निघाले. अकीक हा तांबूस, गुळगुळीत दगड. त्याला भट्टीत मंद तापवले की तांबडा रंग चढतो. गुजरातेत खंबायतला हे काम अजून चालते. काचेचे मणी स्वस्त झाले ते त्याच्याही नंतर.

म्हणून आबांना म्हणालो, "आबा, नांगराच्या आधी मणी झाला. मग मी मणी ओवला तर बिघडलं कुठं?"

आबा म्हणाले, "खरं आहे बुवा."

माझी एक चूक

आता एक गोष्ट कबूल करतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका शाळेत शिक्षक होतो. वर्गात एक मुलगा होता. तो बाकाखाली हात ठेवून मणी ओवत असे. एकदा मी फळ्यावर गणित लिहिले आणि त्याला उठवले. तो दचकला. मी त्याच्या हातातली माळ ओढली. दोरा तुटला. मणी वर्गभर पसरले. मुले हसली.

तो काही बोलला नाही. खाली बसून त्याने मणी गोळा केले. मोजले. मग म्हणाला, "गुरुजी, एक कमी आहे."

मी त्याला म्हणालो, "मणी मोजण्यापेक्षा आकडे मोज."

अहो, तो आकडेच मोजत होता! पाटीवाचून मोजत होता. ते मला तेव्हा कळले नाही. पुढच्या वर्षी त्याने शाळा सोडली. तो कुठे गेला, मला ठाऊक नाही. ती माळ मी तोडायला नको होती.

झाड कसे करायचे?

सेवेतून मोकळा झालो आणि दिवस खायला उठला. नातीच्या लग्नासाठी घरात रुखवताची तयारी चालली होती. सूनबाई मण्यांचे तोरण करत होती. मी म्हणालो, "मलाही शिकव."

ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला जमेल?"

माझी बोटे जाड. नजर अधू. पण बसलो. आता जमते. तुम्हालाही जमेल. रीत सांगतो.

लागणारे सामान असे : बारीक हिरवे काचेचे मणी, शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक तांब्याची तार, खोडासाठी एक जाड तार, तपकिरी दोरा आणि बसायला जड मातीचे भांडे.

एक हात लांब बारीक तार घ्या. तिच्यात ६ मणी ओवा. मणी तारेच्या मधोमध आणा. तार दुमडा आणि मण्यांच्या खाली पाच-सहा पीळ द्या. मण्यांचा एक फासा होईल. हे झाले एक पान.

आता तारेची दोन टोके मोकळी आहेत. उजव्या टोकात ६ मणी ओवा. पहिल्या पानापासून एक बोट जागा सोडून तसेच पान करा. मग डाव्या टोकात करा. असे उजवीकडे ३ आणि डावीकडे ३ करा. वरचे एक धरून ७ पाने झाली. दोन्ही टोके एकत्र पिळा. ही झाली एक काडी. तीन काड्या एकत्र पिळल्या की एक फांदी. अशा ८ फांद्या जाड तारेभोवती बसवा. लहान फांद्या वर, मोठ्या खाली. वरून तपकिरी दोरा घट्ट गुंडाळा. खोड भांड्यात उभे करा आणि भोवती ओली माती व खडे ठासून भरा. शेवटी पाने हाताने पसरवा.

आता मणी किती लागले? मोजू या. एका काडीत ७ पाने, म्हणजे ४२ मणी. एका फांदीत ३ काड्या, म्हणजे १२६ मणी. आठ फांद्यांत १,००८ मणी! एवढे गणित या झाडात आहे.

गणित म्हटले की पुन्हा पाटण्याची आठवण होते. भास्कराचार्य हे आपले थोर गणिती. त्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव याने पाटण्याला मठ काढला. तसा शिलालेखच तिथे आहे. त्याला सुमारे ८०० वर्षे झाली. मणी आणि गणित, दोन्ही एकाच गावचे!

तीन झाडे

माझे पहिले झाड पडले. वरचा भार जास्त आणि भांडे हलके. शिवाय तारा तुटत होत्या. चुकले की मी पीळ उलगडी आणि पुन्हा पिळी. तार एकाच जागी वारंवार वाकवली की ती ठिसूळ होते आणि तुटते. आता चुकले तर तेवढी काडी टाकतो आणि नवी घेतो.

दुसरे झाड उभे राहिले, पण दिसायला खराट्यासारखे. सगळ्या फांद्या सारख्या, सगळ्या सरळ वर. सूनबाई हसली. मी अंगणात गेलो आणि निंबाकडे पाहत उभा राहिलो. त्या निंबाखाली मी चाळीस वर्षे बसलो होतो, पण त्याच्या फांद्या कशा वळतात ते कधी पाहिले नव्हते. एक फांदी उन्हाकडे झुकलेली. एक तुटून पुन्हा फुटलेली. दोन फांद्या एकसारख्या नव्हत्या.

तिसरे झाड त्या निंबासारखे केले. तेच आता ओसरीत आहे. मणी तेच, तार तीच. फरक पडला तो नीट पाहण्याने.

मग हौस वाढली. नातीसाठी मण्यांची माळ केली. तिचा दोरा आठ दिवसांत तुटला. तालुक्याच्या गावी एका पटवेकऱ्याकडे गेलो. पटवेकरी म्हणजे दागिने गाठवणारा. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. दोऱ्याला आधी मेण लावा. आणि काही मण्यांनंतर एक गाठ मारा, म्हणजे दोरा तुटला तरी सगळे मणी सांडत नाहीत. वयाने तो माझ्या मुलाएवढा. पण त्या दिवशी तो माझा गुरू झाला.

हिशेब लिहा

कोणी म्हणेल, "गुरुजी, यातून चार पैसे मिळतील का?" मिळतील. पण आधी हिशेब लिहा.

समजा, मणी ६० रुपयांचे, तार ३० रुपयांची, बाकी सामान २० रुपयांचे. एकूण ११० रुपये. झाडाला १० तास लागले आणि ते ३०० रुपयांना विकले. तर उरले १९० रुपये. म्हणजे तासाला १९ रुपये. आठ तासांचे १५२ रुपये. ही मजुरी परवडते का, ते तुम्ही ठरवा. पण तास मोजल्याशिवाय भाव सांगू नका. आपण सामानाचा पैसा मोजतो आणि हाताचा पैसा विसरतो.

आणखी एक. कोणी येऊन म्हणतो, "घरबसल्या मणी ओवा. आधी नोंदणीचे पैसे भरा. माल आम्ही घेऊ." पैसे घेतल्यावर तो माल नापसंत करतो, नाहीतर दिसेनासा होतो. काम देणारा आधी पैसे मागत असेल, तर सावध व्हा. कागद पूर्ण वाचा. न वाचता सही करू नका. आता तुम्हाला वाचता येते!

कामाला दिवसाच्या उजेडात बसा. मधून मधून डोळ्यांना विसावा द्या. मणी लहान मुलांपासून दूर ठेवा. मूल मणी नाकात घालते, गिळते. गुंजांची माळ मुलांच्या हाती मुळीच देऊ नका. गुंज विषारी असते.

शेवटचे

रात्रीच्या वर्गात एक आक्का मला म्हणाल्या, "गुरुजी, या वयात अक्षरं शिकून हात वळेल का?"

मी त्यांना माझे पडलेले झाड दाखवले. ते मी टाकून दिलेले नाही. म्हणालो, "आक्का, हे साठीनंतरचं पहिलं झाड. आणि ते तिसरं."

त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी पाटी पुढे ओढली आणि आपले नाव लिहिले. एक काना राहिला होता. त्यांनीच तो ओळखला आणि म्हणाल्या, "गुरुजी, एक कमी आहे."

या वेळी मी रागावलो नाही. पेन्सिल त्यांच्या हाती दिली आणि म्हणालो, "तुम्हीच घाला."