होळी ते आखाजी : मोरीच्या पाण्यावर परसबाग

होळी आली की आपल्या खान्देशात शेतातली कामं जरा सैल पडतात. हरभरा घरात आलेला असतो, गहू काढणीला असतो, कपाशीचं रान मोकळं झालेलं असतं. अशा एखाद्या सकाळी घराच्या मागच्या दाराशी जाऊन उभे राहा. बहुतेक घरी काय दिसतं? मोरीचं पाणी, त्याचं डबकं, कडेला गाजरगवत आणि वर डासांचा घोळका. आणि त्याच घरातली माउली बाजाराच्या दिवशी पावशेर गवारीचा भाव दोन ठिकाणी विचारते. कापूस आणि केळी विकणारं घर भाजी मात्र विकत घेतं, तीही उन्हाळ्यात, म्हणजे नेमकी महाग असताना.

परवडत नाही तेव्हा भाजी ताटातून कमी होते, आणि ती पहिल्यांदा बाईच्या ताटातून कमी होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये माणसी रोज ४०० ग्रॅम भाजी सांगितली आहे. पाच माणसांच्या घराला ती दोन किलो होते. आपल्या घरी रोज किती शिजते, हे ज्याचं त्याने पाहावं.

माझी चूक

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तापीकाठच्या एका गावात सभा घेतली आणि परसबागेच्या बियाण्याची पाकिटं वाटली. सभेला सगळे पुरुष. मे महिन्यात फेरी मारली तर निम्मी पाकिटं खुंटीवरच्या पिशवीत तशीच! ज्यांनी बी लावलं, त्यांची रोपं उन्हानं करपलेली. एका आजीबाईंनी तोंडावरच सुनावलं, "बी दिलं भाऊ तुम्ही, पन पानी कुठून आनू? नळ येतो चार दिसाआड."

आजी बोलत होत्या तेव्हा त्यांच्या मोरीचं पाणी आमच्या पायाजवळून वाहत होतं. ते त्यांनाही दिसलं नाही आणि मलाही नाही. घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी उलटा कारभार केला. आधी पाणी मोजायचं, मग वाफा आखायचा आणि बी सगळ्यात शेवटी. आणि पाकीट द्यायचं ते घरच्या बाईच्या हातात.

पाण्याचा हिशोब

जलजीवन मिशनमध्ये (२०१९) माणसी रोज ५५ लिटर पाणी धरलं आहे. पाच माणसांचं २७५ लिटर झालं. त्यातलं निम्मं मोरीतून बाहेर पडलं तरी १३५-१४० लिटर होतं. तुमच्याकडे पाणी कमी येत असेल तर आंघोळीच्या आणि भांड्यांच्या बादल्या एक दिवस मोजा, म्हणजे खरा आकडा हाती येईल.

आता दुसरी बाजू. भर उन्हाळ्यात वाफ्याला चौरस मीटरमागे दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी धरावं लागतं. म्हणजे १४० लिटरात १४ चौरस मीटर, ढोबळ मानानं दहा फूट बाय पंधरा फूट जागा भिजते. म्हणून उन्हाळ्यात गुंठाभर परसबागेचा हट्ट धरू नका. दहा बाय पंधराचा तुकडाच नीट सांभाळा, पावसाळ्यात हवा तेवढा वाढवा.

मांडणी अशी करा

मोरीच्या तोंडाशी दोन-अडीच फूट खोल खड्डा घ्या. तळाला मोठे दगड, त्यावर खडी आणि सगळ्यात वर जाड वाळू भरा. वरची वाळू पंधरा दिवसांनी काढून धुवा. पाणी उघडं साचू देऊ नका. आठ-दहा दिवस साचलेल्या पाण्यात डासांची नवी पिढी तयार होते.

आपली जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी, म्हणून वाफे अर्धा फूट उंच गादीचे करा. शेणखत चांगलं कुजलेलंच घाला. बी उगवलं की केळीचा वाळका पाला किंवा अंगणात पडलेला निंबाचा पाला दोन बोटं जाडीनं पसरा. माती भेगाळत नाही आणि पाणीही कमी लागतं.

पश्चिमेच्या बाजूला सावलीसाठी तुरीच्या काड्यांचा ताटवा उभा करा. पऱ्हाटी मात्र वापरू नका. तिच्या किडक्या बोंडांत शेंदरी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात कपाशीवर येते. २०१७ चा फटका आपण विसरलेलो नाही. भाजीच्या नादात कपाशीचा शत्रू दारात पोसायला नको.

काय लावावं, काय टाळावं

होळीपासून आखाजीपर्यंत साधारण दीड महिना मिळतो. होळीच्या सुमारास टोकलेली भेंडी, गवार, चवळी तेवढ्यात तोडणीला लागते. पोकळा आणि राजगिरा महिन्याभरात हाती येतो. गिलके, दोडक्याचे वेल मांडवावर चढवा, थोडे मागून येतील. वेलाजवळ एक भाजलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून त्यात चांगलं पाणी भरा आणि तोंड झाका. ते झिरपून मुळांना मिळतं. टोमॅटो आता लावू नका, पारा चाळिशीपुढे गेला की फुलं गळतात. भरिताचं वांगंही पावसाळ्यासाठी ठेवा. आपल्या जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, घरचं बी जपून ठेवा.

दोन पथ्यं पाळा. कपड्यांच्या सोड्याचं पाणी भाजीला नको, त्याने काळी माती आणखी चिवट होते. ते केळीच्या खुंटाला किंवा शोषखड्ड्यात जाऊ द्या. आणि कोथिंबीर, मुळा असं कच्चं खायचं काही मोरीच्या पाण्यावर घेऊ नका. संडासाचं पाणी तर कुठेच नको. मोरीचं पाणी मुळाशी द्यावं, पानांवर नाही.

ग्रामपंचायतीला विनंती

सरपंच आणि सदस्यांनो, शोषखड्ड्याचं काम रोजगार हमीतून घेता आलं आहे. सध्याच्या अटी पंचायत समितीत विचारा. गटार काढताना एक पाहा, ज्या घरामागे जागा आहे तिथलं पाणी आधी त्या घराच्या वाफ्याला मिळू द्या, उरलेलं गटारात जाऊ द्या. आणि यंदा बियाणं वाटायचं असेल तर महिला बचत गटाच्या बैठकीत वाटा.

आखाजीला लेकी माहेरी येतात. सासरी त्यांच्या ताटात काय पडतं, ते आईला ठाऊक असतं. निदान माहेरी आल्यावर परसातली भेंडी तोडून आईने त्यांना वाढावी. त्यासाठी आज फक्त एवढंच करा, मोरीच्या बादल्या मोजा.