आखजीच्या घरातल्या पोरांसाठी एक भुतांचं पुस्तक

आपल्याकडं मलकापूर-नांदुरा पट्ट्यात आखजीला पितरांच्या नावानं घागर भरतात, वर डांगर ठेवतात. हे बघत वाढलेल्या पोरांना रैना टेल्गेमायरची 'घोस्ट्स' ही चित्रकादंबरी परकी वाटणार नाही; तिच्यातही गेलेली माणसं भुतं होऊन भेटतात. २०१६ची, इंग्रजीत आहे. पण निम्मी गोष्ट चित्रंच सांगतात. गोष्टीतल्या दोघी बहिणींपैकी धाकट्या मायाला सिस्टिक फायब्रोसिस. जन्मजात आजार, फुप्फुसात चिकट कफ साठत राहतो. आणि गावातल्या भुतांना हवा असतो नेमका जिवंत माणसाचा श्वास! माया तो हौसेनं देते अन् दवाखान्यात पोचते. भुतांना घाबरते कोण, तर धडधाकट थोरली कॅट्रिना. हे मला भारी आवडलं. ९ ते १२ वयोगटाचा २०१७चा आयस्नर पुरस्कार याच पुस्तकाला. घरात कुणी आजारी असेल, तर सोबत बसून वाचा.