‘पॉवर’ या शब्दाचे विषयपरत्वे अर्थ

सेमी-इंग्रजी वर्गात गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि इतर विषय मराठीतून शिकविले जातात. अशा वर्गातील मूल नव्या इंग्रजी शब्दाला मराठीचा एकच प्रतिशब्द कायमचा जोडून ठेवते. ‘पॉवर’ म्हणजे ताकद, असे एकदा मनात ठसले की गणितात ‘दोनची ताकद तीन’ हे निरर्थक वाक्य त्याला पाठ करावे लागते. आणि दोष मात्र त्याच्या बुद्धीकडे जातो.

गणितात २×२×२ = ८ येथे २ हा पाया, ३ हा घातांक आणि ८ हा दोनचा तिसरा घात होय. इंग्रजी बोलण्यात घात व घातांक या दोहोंनाही पुष्कळदा ‘पॉवर’च म्हणतात, मराठीने ते वेगळे ठेवले आहेत.

विज्ञानात ‘पॉवर’ म्हणजे शक्ती, अर्थात कार्य करण्याचा दर. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीचे पंप मुलांच्या परिचयाचे आहेत. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॉट. म्हणून पाच अश्वशक्तीची मोटार म्हणजे सुमारे ३.७३ किलोवॉट. ती तीन तास चालली, तर तिने केलेले कार्य सुमारे ११.२ युनिट ऊर्जेइतके होते. शक्ती मोटारीच्या पट्टीवर लिहिलेली असते. ऊर्जा मीटर मोजतो. कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाची १,९६० मेगावॉट ही क्षमता म्हणजेही शक्तीच होय.

नागरिकशास्त्रात याच शब्दाचा अर्थ अधिकार असा होतो. १९६१ च्या अधिनियमाने जिल्हा परिषदांस जे मिळाले, ते अधिकार. इतिहासात त्याचा अर्थ सत्ता; १९४३ साली साताऱ्यात उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारने आव्हान दिले, ते ब्रिटिश सत्तेला. जमिनीच्या व्यवहारात गावकरी ज्याला नुसते ‘पॉवर’ म्हणतात, ते मुखत्यारपत्र असते.

अर्थाप्रमाणे शब्द निश्चित करणे हे ज्ञानाचे पूर्वकार्य आहे. वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा परिभाषा-संग्रह १९७३ साली निघाला आणि लेखांचा पहिला खंड त्यानंतर, १९७६ साली. हाच क्रम वर्गातही पाळावा.

त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याने शब्दवही ठेवावी. तिच्यात शब्द, विषय, अर्थ व स्वतःचे वाक्य असे चार रकाने असावेत. ‘फील्ड’, ‘सेल’, ‘टेबल’ हे शब्दही याच रीतीने घ्यावेत. विद्यार्थ्याने ‘पॉवर म्हणजे काय?’ असे विचारल्यास शिक्षकाने प्रथम ‘कोणत्या विषयातील?’ असे विचारावे. कालांतराने हा प्रश्न विद्यार्थी स्वतःलाच विचारू लागेल.