लेखांक ९ : आई नाशिकला, कंपनी रेडिंगला

आज पीएससीवर, म्हणजे कंपनीवर लक्षणीय नियंत्रण असलेल्या माणसांवर, लिहायचं होतं, २५ टक्क्यांच्या रेषेच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण ते. ते पुढच्या खेपेला. नाशिकहून एक पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न इतक्या घरांत पडलेला असणार, की तो आधी घेतलेला बरा.

पत्र लिहिणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत. मुलगा रेडिंगला आयटीत कॉन्ट्रॅक्टवर काम करतो. त्यासाठी त्याने तिथे स्वतःची लिमिटेड कंपनी काढली आणि काढतानाच आईलाही डिरेक्टर करून टाकलं. शंभरातले दोन शेअरही तिच्या नावावर आहेत. आता मुलाच्या अकाउंटंटचा निरोप आलाय, की आईंनी कंपनीज हाउसकडे, म्हणजे तिथल्या कंपनी नोंदणी कार्यालयाकडे, ओळख पटवून घ्यावी, नाहीतर यंदाचं कन्फर्मेशन स्टेटमेंट, म्हणजे कंपनीची नोंद बरोबर असल्याचं वार्षिक निवेदन, अडेल. बाईंना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा निरोप खरा की फसवणूक? आपण इंग्लंडला कधी गेलोसुद्धा नाही, तरी आपल्याला हे कशाला? आणि २०१९चा पासपोर्ट चालेल का?

निरोप खरा आहे. १८ नोव्हेंबर २०२५पासून नवा डिरेक्टर ओळख पटवल्याशिवाय नेमताच येत नाही. जुन्यांना वर्षभराची सवलत आहे, पण ती प्रत्येकाला पूर्ण वर्ष मिळत नाही. त्या वर्षात कंपनीचं पहिलं कन्फर्मेशन स्टेटमेंट ज्या दिवशी भरायचं, तोच तुमचा शेवटचा दिवस. स्टेटमेंट भरताना प्रत्येक डिरेक्टरचा, ओळख पटल्यावर मिळणारा पर्सनल कोड मागतात. एकाचा नसला तरी गाडी अडते. शिवाय ओळख न पटवता डिरेक्टर म्हणून काम करणं हा आता गुन्हा आहे, त्या डिरेक्टरचाही आणि कंपनीचाही. तुम्ही राहता कुठे, याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. नाशिकच काय, न्यूझीलंडला असलात तरी तेच. फसवणुकीची शंका मात्र जागी ठेवा. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नका, ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः जा. तिथे ओळख पटवायला एक पैसाही पडत नाही. त्याच ठिकाणी कोणी फी मागितली तर समजा, वाट चुकली.

आता माझा आवडता मुद्दा. ही आई डिरेक्टर झाली कशी? ब्रिटनमध्ये प्रायव्हेट कंपनीला एक डिरेक्टर पुरतो, आणि तो तिथला रहिवासी असायचीही अट नाही. आपल्याकडे प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन लागतात. म्हणून पुण्या-नाशिकच्या कितीतरी कंपन्यांत दुसरी खुर्ची आईची, बायकोची किंवा सासऱ्यांची असते आणि तिच्यावर कोणी बसत नाही. आमच्या धंद्यात याला ‘सहीपुरते डिरेक्टर’ म्हणतात. पोरं परदेशी गेली ती ही सवय बरोबर घेऊनच. रेडिंग, स्लाउ, हाउन्सलो इथल्या मराठी मुलांच्या एकहाती कंपन्यांचे कागद मी बरेच पाहिलेत. गरज नसताना केलेला दुसरा डिरेक्टर त्यांत सर्रास भेटतो.

घरच्यांची नावं वापरण्याला इंग्लंडमध्येही थोर परंपरा आहे म्हणा. कंपनी कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात भेटणारा सॉलोमन हा लंडनच्या ईस्ट एंडमधला बूट बनवणारा. १८९२ साली त्याने धंदा कंपनीच्या नावावर केला. तेव्हा सात भागधारक लागत. मग बायको, मुलगी आणि चार मुलगे यांना एकेक शेअर दिला आणि स्वतःकडे २०,००१ ठेवले. कंपनी बुडाली, प्रकरण कोर्टात गेलं, की हे सगळं नाटक आहे. १८९६मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, नाटक नाही, कायद्याने सात माणसं मागितली, सात आहेत. कंपनी वेगळी, माणूस वेगळा, हा सबंध कंपनी कायद्याचा पाया एका कुटुंबाच्या सहा नाममात्र शेअरांवर उभा आहे. पण सॉलोमनची बायको आणि मुलं निदान खरी होती.

पुढे खरेपणाचीही गरज उरली नाही. कंपनीज हाउस वर्षानुवर्षं फक्त कागद जमा करून घेई, तपासत नसे. एका कंपनीच्या नोंदीत डिरेक्टरचं नाव इटालियनमध्ये ‘कोंबडीचोर’ असं आहे, व्यवसाय ‘ठक’ आणि पत्ता अलीबाबाच्या चाळीस चोरांच्या गल्लीतला. सरकारी दफ्तरात हे सगळं रीतसर दाखल झालं. त्याहून मजेची गोष्ट व्हिन्स केबल यांची. २०१३ साली हे गृहस्थ ब्रिटनचे उद्योगमंत्री होते आणि कंपनीज हाउस त्यांच्याच खात्याखाली. एका माणसाने त्यांच्याच नावाने कंपनी काढून त्यांनाच डिरेक्टर केलं, तेही त्यांना न विचारता. हेतू एवढाच, की भोक किती मोठं आहे ते दिसावं. नंतर त्याने ते मंत्र्यांना कळवलंही. २०१८मध्ये खटला झाला तो या माणसावर, आणि १२ हजार पौंडांहून जास्त भुर्दंड त्यालाच बसला. कोंबडीचोर मोकळा. मला विचाराल तर सध्याच्या नियमाचं बी या प्रकरणात आहे, जरी कायदा यायला २०२३चा ऑक्टोबर उजाडला.

बाईंच्या पासपोर्टकडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे. घरबसल्या ओळख पटवायची तर मोबाइलमधल्या ॲपने पासपोर्टची चिप वाचावी लागते आणि मग चेहऱ्याचा स्कॅन होतो. कुठल्याही देशाचा पासपोर्ट चालतो, पण चिपवाला. आपल्याकडे सर्वसामान्यांना ई-पासपोर्ट मिळू लागले तेच एप्रिल २०२४पासून, तेही आधी नागपूर आणि भुवनेश्वर इथे प्रायोगिक म्हणून. मुखपृष्ठावर खाली छोटी सोनेरी खूण असेल तर चिप आहे. २०१९च्या पासपोर्टवर ती नसणार. म्हणजे बाईंना ॲपची वाट बंद. बँक आणि पत्त्याच्या प्रश्नांची उत्तरं देऊन पटवायची सोय ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी, पोस्ट ऑफिसातली सोयही तशीच.

उरतो अधिकृत एजंट. ब्रिटनमध्ये मनी लाँडरिंगविरोधी देखरेखीखाली असलेले अकाउंटंट किंवा सॉलिसिटर कंपनीज हाउसकडे त्यासाठी नोंदणी करतात आणि त्यांना दुसऱ्याची ओळख पटवायचा अधिकार मिळतो. त्यांची कागदपत्रांची यादी ॲपपेक्षा सैल आहे. फी ते घेतात, ती आधी विचारून घ्या. नाशिकच्या सीएंची सही आणि शिक्का इथे उपयोगाचा नाही, ते कितीही ओळखीचे असले तरी. मुलाच्या अकाउंटंटनेच अशी नोंदणी केली असेल तर निम्मं काम झालं.

दोन बारीक गोष्टींवर मी अनेकांना अडकलेलं पाहिलंय. एक म्हणजे ईमेल. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरचं वन लॉगिन खातं ज्याचं त्याचं, म्हणून ईमेलही ज्याचा त्याचा. आईसाठी मुलाचा ईमेल टाकला की खातं मुलाचंच उघडतं. दुसरं, नाव. कंपनी काढताना मुलाने आईचं नाव आणि आडनाव एवढंच टाकलेलं असतं, पासपोर्टात मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. काहींचा पासपोर्ट माहेरच्या आडनावाने. ओळख पटते ती कागदावरच्या नावाने, म्हणून नोंदीतलं नाव आणि पासपोर्टातलं नाव आधी शेजारी ठेवून पाहा आणि फरक असेल तर नोंद सुधारून घ्या. कोड जोडायच्या रात्री हे लक्षात आलं की धावाधाव होते.

मिळणारा कोड अकरा अक्षर-अंकांचा असतो आणि तो कंपनीला नसतो, माणसाला असतो. चार कंपन्यांत असलात तरी कोड एकच. दरवर्षी पुन्हा पटवायचीही भानगड नाही. आपल्याकडच्या डिनशी, म्हणजे डिरेक्टरच्या ओळख क्रमांकाशी, त्याची गल्लत करू नका. डिन कंपनीच्या कागदांवर उघड छापतात, त्याची केवायसी २०१८पासून दरवर्षी आणि आता तीन वर्षांतून एकदा. हा कोड मात्र गुपित. तो अकाउंटंटला द्यायचा, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही.

पीएससीचं एवढंच आज सांगतो, की जे डिरेक्टर नाहीत पण ज्यांच्याकडे २५ टक्क्यांहून जास्त शेअर आहेत, त्यांची मुदत जन्ममहिन्याच्या पहिल्या तारखेपासून चौदा दिवस. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी निम्म्यांचा वाढदिवस शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावलेला! जूनचा पहिला पंधरवडा लंडनच्या मराठी अकाउंटंटांना जड जाणार. नाशिकच्या बाईंनीही शाळेत अशा काही तारखा लावल्या असतील.

त्यांना स्वतःला ही मुदत नाही, दोन टक्क्यांत कोणी पीएससी होत नाही. म्हणूनच मी त्यांना कळवलंय, की ओळख पटवायच्या खटपटीआधी मुलाला एक विचारा : मी डिरेक्टर असायची गरज आहे का? नसेल तर राजीनामा द्या, तो मुदतीच्या आत कंपनीज हाउसला कळवून टाका. दोन शेअर तसेच राहू द्या, नुसत्या भागधारकाला ओळख पटवावी लागत नाही. आणि डिरेक्टर राहायचंच असेल तर गेल्या वर्षीचे हिशेब मागवून घ्या आणि एकदा वाचा. डिरेक्टरची जबाबदारी सही न करणाऱ्यावरही असतेच.

पुढच्या आठवड्यात २५ टक्के. आणि नवरा-बायकोचे पन्नास-पन्नास असतील तर काय, हे कोल्हापूरच्या वाचकांनी विचारलंय, तेही त्यातच घेऊ.