जेन कॉनमधील छोट्या प्रकाशकाचा दिवस : दर सोळा मिनिटांना एक पुस्तक

अमेरिकेत इंडियाना राज्याची राजधानी असलेल्या इंडियानापोलिस शहरात दर उन्हाळ्यात ‘जेन कॉन’ हा मेजावरील खेळांचा मेळावा भरतो. गुरुवार ते रविवार अशा चार दिवसांच्या या मेळाव्याला अलीकडच्या वर्षांत सत्तर हजारांहून अधिक लोक आले आहेत. प्रदर्शनात मोठ्या कंपन्यांची भव्य दालने डोळ्यांत भरतात. परंतु त्यांच्यामागील अरुंद गल्ल्यांत अनेक छोटे प्रकाशक एखाद-दुसरे पुस्तक घेऊन उभे असतात. साहित्य संमेलनाच्या ग्रंथदालनात लेखकच प्रकाशक आणि तोच विक्रेता असावा, तसाच हा प्रकार.

या परंपरेचा आरंभही लहानच होता. गॅरी गायगॅक्स यांनी १९६८ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा येथे हा मेळावा सुरू केला. गावाच्या नावावरूनच ‘जेन कॉन’ हे नाव पडले. गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाची १९७४ मधील पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची होती. आजचा बलाढ्य खेळही मुळात एका छोट्या प्रकाशकाचेच धाडस होते.

मुखपृष्ठ पुरेसे नसते

भूमिकाखेळात चार-पाच जण मेजाभोवती बसतात. एक जण, म्हणजे ‘गेम मास्टर’, प्रसंग वर्णन करतो. इतर जण आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात आणि कृती ठरवतात. यशापयश शंकास्पद असेल तेथे फासे टाकले जातात. कथा अशी बोलण्यातून घडत असल्याने विकायचे असते ते केवळ नियमांचे पुस्तक. ते चाळून खेळाची गोडी कळत नाही. कोणीतरी ती समजावून सांगावी लागते. छोट्या प्रकाशकाने येथवर येण्याचे पहिले कारण हेच.

दुसरे कारण पैशाचे. समजा, पुस्तकाची छापील किंमत ४० डॉलर आहे. वितरकामार्फत ते दुकानात पोहोचवायचे, तर सुमारे ६० टक्के सवलत द्यावी लागते. प्रकाशकाच्या हाती १६ डॉलर येतात. त्यातून छपाई आणि वाहतुकीचे ८ डॉलर वजा केले, की उरतात ८. मेळाव्यात तीच प्रत पूर्ण किमतीला विकली जाते. छपाई-वाहतुकीचे ८ आणि कार्डाच्या शुल्कासह किरकोळ खर्चाचे २ डॉलर गेले, तरी ३० उरतात. राज्याचा ७ टक्के विक्रीकर ग्राहकाकडून घेऊन सरकारजमा करायचा असतो. तो प्रकाशकाचा नव्हे.

परंतु गाळ्याचे भाडे, हॉटेल आणि प्रवास मिळून ३,६०० डॉलर खर्च आला असे धरले, तर तो भरून काढण्यासाठीच १२० प्रती विकाव्या लागतात. म्हणजे रोज ३०. आठ तासांच्या दिवसात दर सोळा मिनिटांना एक. स्वतःच्या श्रमांचे मोल यात धरलेलेच नाही.

दहा ते सहा

सकाळी दहाला दारे उघडतात आणि गर्दी मोठ्या दालनांकडे, मर्यादित संख्येत आलेल्या नव्या वस्तूंकडे धावते. छोट्या गाळ्यावर तो पहिला तास बहुधा शांत जातो. रेंगाळत फिरणारा वाचक त्यानंतर येतो. तो थबकताच दोन-तीन वाक्यांत सांगावे लागते, की या खेळात आपण कोण असतो आणि काय करतो. नियमांची बारीकसारीक माहिती आधी सुरू केली, तर तो पुढे सरकतो.

सर्वांत अवघड निर्णय असतो नमुना-खेळाचा. पंधरा-वीस मिनिटे खेळलेला माणूस पुस्तक घेण्याची शक्यता अधिक. पण तेवढा वेळ गाळ्यावरील दोघांपैकी एक जण अडकतो. त्याच वेळी दुसऱ्याला विक्री सांभाळावी लागते, एखादा दुकानदार घाऊक दर विचारत असतो आणि चित्रकार आपली चित्रे दाखवायला थांबलेला असतो. त्या दुकानदाराकडे दुर्लक्ष झाले, तर पुढील वर्षभराची मागणी हातची जाते. जेवण बहुधा गाळ्यामागे उभ्यानेच उरकले जाते.

सहा वाजता प्रदर्शन बंद होते. खेळ मात्र रात्री उशिरापर्यंत चालतात. कित्येक प्रकाशकांची खरी जाहिरात तेथेच होते. काही तास मेजावर रमलेले खेळाडू पुस्तकाचे नाव आपल्या गावच्या मित्रमंडळींपर्यंत नेतात. म्हणून दिवसाच्या हिशेबात विकलेल्या प्रतींइतकेच महत्त्व पुढील पुस्तकाची वार्ता कळवण्यासाठी लोकांनी दिलेल्या ई-मेल पत्त्यांना असते. पुढच्या पुस्तकासाठी लोकवर्गणी मागताना पहिली साद त्यांनाच घातली जाते.

रविवारी प्रदर्शन दुपारी चारलाच आटोपते. उरलेल्या जड पेट्या परत नेण्याचा खर्च पाहून किंमत उतरवण्याचा मोह होतो. पण तसे केल्यास आधी पूर्ण दाम मोजलेले वाचक आणि दुकानदार दुखावतात. हा दिवस कुटुंबांसाठी विशेष मानला जातो. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी मागच्या गल्ल्यांतही डोकावावे. खेळ करून पाहण्याची इच्छा सांगितली, तर समोरची व्यक्ती सहसा आनंदाने फासे पुढे करते. बहुधा पुस्तक लिहिणारीही तीच असते.