वाघ दिसला नाही, म्हणून एकच तारा

परतवाड्याहून धारणीकडे जाताना सिपना नदीच्या काठी सेमाडोह लागतं. मेळघाट हा 1973-74 मध्ये सुरू झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. इथला मुक्काम ठरवताना आपण मोबाइलवर आधी तारे बघतो. पण सागाचं हे डोंगराळ रान ताडोबासारखं सहज वाघ दाखवत नाही. त्या रागात कुणी एकच तारा दिला, तर खोली स्वच्छ होती का, जेवण कसं होतं, हे त्यातून काहीच कळत नाही. सरासरीत मात्र तो तारा मिसळतोच. त्यातही लिहितात ते बहुधा अतिशय खूश झालेले किंवा चिडलेले. 'ठीक होतं' म्हणणारे गप्प राहतात.

आणि जे तिथे गेलेच नाहीत, त्यांचं काय? कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 मध्ये शिकागोच्या हॉटेलांबद्दलचे 400 खरे आणि 400 पैसे देऊन लिहून घेतलेले खोटे अभिप्राय तपासले. वाचणाऱ्या माणसांना ते वेगळे ओळखणं जवळजवळ जमलंच नाही. संगणकाने सुमारे 90 टक्के अचूक ओळखले. खरे लिहिणारे न्हाणीघर, खोलीचा आकार, जागा यांबद्दल बोलत होते. खोट्यांत नवरा, सुटी, कामाचा दौरा अशा गोष्टींचा भरणा होता. न पाहिलेल्या खोलीचं वर्णन करणं अवघडच. आता यंत्रच असा तपशील रचून देतं, त्यामुळे एवढ्या खुणेवर विसंबू नये. तारीख बघावी, एकाच आठवड्यात स्तुतीचा पूर आलाय का ते बघावं, आणि फोन करून विचारावं.

संख्याही महत्त्वाची. चारपैकी चौघे खूश, की चारशेपैकी 360? लाप्लासच्या नियमाने दोन्हीकडे एक खूश आणि एक नाराज माणूस वाढवा. पहिलं प्रमाण 83 टक्क्यांवर येतं, दुसरं 90 वरच राहतं. मी दुसरीकडे उतरेन.

भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर 2022 मध्ये आयएस 19000 हे मानक आणलं. अभिप्राय लिहिणाऱ्याची पडताळणी त्यात आहे. मात्र ते ऐच्छिक ठेवलं गेलं, हे मला अपुरं वाटतं. सिएटलमधल्या उपाहारगृहांवरच्या अभ्यासात एक तारा वाढला की उत्पन्न 5 ते 9 टक्के वाढलेलं दिसलं. मेळघाटात पर्यटकांवर पोट असलेल्या कोरकू वाटाड्यांचं, जिप्सीवाल्यांचं, रबडी विकणाऱ्यांचं उत्पन्न आधीच तुटपुंजं. वाघाच्या गैरहजेरीचा दंड त्यांनी का भरावा?